इतर शिल्लक

माझी धाकटी जाऊ चांगली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मध्येच थांबवून ते ऐकवायला नको. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, आमचे हे अजून म्हणतात, ऑफिसातला शिपाई म्हणतो, समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा म्हणतो. इतक्या जणांनी चांगलं म्हटलेल्या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात चोवीस वर्षं काढून बघा, मग माझ्याशी बोला.

आम्ही दोघी एकाच नगरपालिकेत. मी तिच्या आधी आठ वर्षं लागले, वसुली विभागात. थकलेली घरपट्टी लोकांच्या दारात जाऊन मागायची हे माझं काम. खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि थकबाकीदारांची यादी. जिने चढायचे, कुत्री चुकवायची, आणि ‘साहेब घरी नाहीत’ हे खुद्द साहेबांच्या तोंडून ऐकायचं. एका बाईने वरच्या मजल्यावरून माझ्या अंगावर भांड्यांचं खरकटं पाणी टाकलं आणि म्हणाली, अगंबाई, दिसला नाहीत. मी तशीच ओली वर गेले आणि पावती फाडल्याशिवाय हलले नाही. माझे गुडघे गेले ते या जिन्यांपायी.

धाकटी आली ती वाणिज्य शाखेची पदवी घेऊन. लग्नानंतर वर्षभरात परीक्षा दिली आणि थेट वरच्या मजल्यावर, लेखा विभागात. खिडकीजवळचं टेबल, डोक्यावर पंखा. माझ्या वर्षाला चपलांच्या दोन जोड्या झिजायच्या. तिची एक जोडी तीन वर्षं पुरायची, आणि ती मला दाखवून म्हणायची, बघा ना जाऊबाई, अजून नवीच आहे. वाईट हेतूने म्हणायची नाही. तिचं सगळं असंच, वाईट हेतू कुठे सापडायचाच नाही, आणि मग माणसाने रागवायचं तरी कशावर?

तरी एवढ्यावर भागलं असतं. जावाजावांत थोडाफार हेवा असायचाच. खरी आग लागली ती रोख्यांपासून.

आमच्या शहराला तेव्हा दोन दिवसांआड पाणी यायचं. पहाटे चारला उठून पिंपं भरायची. नवी पाण्याची योजना करायची तर पालिकेच्या तिजोरीत खडखडाट. मग पालिकेने कर्जरोखे काढले. म्हणजे लोकांना आणि बँकांना कागद विकले, की आज तुम्ही आम्हाला पैसे द्या, आम्ही दर सहा महिन्यांनी व्याज देऊ आणि पंधरा वर्षांनी मुद्दल परत करू. कागदावर शहराचा शब्द. आणि तो शब्द कशाच्या जोरावर? मी जिने चढून गोळा करते त्या घरपट्टीच्या.

त्याचा नियम असा होता. घरपट्टीचा पैसा आला की आधी एका वेगळ्या खात्यात पडायचा. तिथून त्या महिन्याचा हिस्सा कर्जफेडीच्या निधीत जायचा, आणि तो पुरता भरल्याशिवाय बाकीचा पैसा पगाराला, रस्त्यावरच्या दिव्यांना, कचऱ्याच्या गाड्यांना सुटायचा नाही. रोखे घेणाऱ्यांच्या वतीने एक विश्वस्त बँक यावर नजर ठेवून असायची. हे सगळं सांभाळायला वरच्या मजल्यावर एक टेबल ठरलं. ते कुणाला मिळालं हे सांगायला नकोच.

मी म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा. आम्ही उन्हातान्हात गोळा करायचं आणि हिने पंख्याखाली बसून झाकण लावायचं. घरी बोलले नाही हे. घरी सासूबाई तिला बोटाने दाखवून शेजारणीला सांगत होत्या, आमच्या धाकटीच्या हातात आता सबंध शहराच्या पाण्याचे पैसे आहेत. सबंध शहराचे पैसे त्या दिवशी माझ्या पिशवीतून वर गेले होते, चार मजल्यांच्या सहा इमारतींतून. सासूबाईंनी मला विचारलं, दूध तापवलंस का?

तिची काम करायची एक तऱ्हा होती, आणि ऑफिसात तिची थट्टाही त्यावरूनच व्हायची. कर्जफेडीच्या निधीत किती आहेत असं कुणी विचारलं की ती म्हणायची, त्यात काही नाही. मुख्याधिकारी साहेबांनासुद्धा हेच. एकदा ते चिडले, म्हणाले, मॅडम, बँकेचा कागद माझ्यासमोर आहे, तीन कोटी दिसतायत. तर ही शांतपणे म्हणाली, साहेब, आकडा आहे, पैसे नाहीत. ते लोकांचे आहेत, आपण फक्त ठेवून घेतलेत. वर्षअखेरीला प्रत्येक विभागाला एक तक्ता भरून द्यावा लागतो, त्यात ‘शिल्लक’ नावाचा रकाना असतो. कर्जफेड निधीपुढे त्या रकान्यात ती दरवर्षी नुसती एक आडवी रेघ मारायची. खरी रक्कम वेगळ्या पत्रकावर लिहून फाइलच्या शेवटी जोडायची. त्यामुळे पोरं तिला रेघबाई म्हणायची. तिला ते नाव आवडायचं.

मधे एक वर्ष फार वाईट गेलं. बाजारपेठेला आग लागली, दुकानदारांनी पट्टी भरली नाही, वसुली निम्म्यावर आली. रेघबाईने नियमाप्रमाणे आधी निधीचा हिस्सा वळवला आणि सगळ्यांचे पगार तेवीस दिवस लांबले. तिचासुद्धा. लोक तिच्या टेबलासमोरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. पैशांची ओढाताण माझ्याही घरात होती, तरी बरं वाटत होतं. पोटात दुखणाऱ्याला असं औषध मिळालं की उपासमारही गोड लागते.

आणि मग हप्ता वेळेवर गेला, आणि विश्वस्त बँकेकडून पत्र आलं. एवढ्या संकटात एका दिवसाचाही उशीर न केल्याबद्दल कौतुकाचं. साहेबांनी ते चौकटीत लावून भिंतीवर टांगलं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिराने, त्याची प्रत काढून घरात लावली. त्या वर्षी जळक्या बाजारपेठेत राखेत पाय घालून, रडणाऱ्या दुकानदारांपुढे बसून एकेक पावती मी फाडली होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात ते काही उगाच नाही. आमचे हे पत्र वाचून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, बघ, शीक जरा. मी त्यांचं ताट वाढलं आणि उठून गेले.

आता मी जे केलं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी, अंदाजपत्रकाच्या ऐन मोसमात, ते जुळवणारे काका आजारी पडले. हे काका सगळ्या विभागांचे तक्ते घेऊन एक पुस्तिका बनवायचे, आणि तीच सर्वसाधारण सभेपुढे जायची. माणसं कमी होती. साहेबांनी मला पंधरा दिवसांसाठी वर बोलावलं, का, तर माझी बेरीज कधी चुकत नाही. माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्षभर राहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी मला वरच्या मजल्यावर खुर्ची मिळाली, तीही तिच्या टेबलापासून चार हातांवर. मी नवी चप्पल घालून गेले.

दहाव्या दिवशी दुपारी बेरीज जमेना. सगळ्या बँकांच्या दाखल्यांची एकूण रक्कम एक, विभागांनी लिहून दिलेल्या शिलकांची बेरीज दुसरी. फरक सात कोटी बारा लाखांचा. मी तक्ते पुन्हा चाळले आणि कर्जफेड निधीपुढे ती रेघ दिसली. फाइलच्या शेवटी तिचं पत्रक होतं, त्यावर सात कोटी बारा लाख. काका दरवर्षी ते पत्रक बघून तेवढी रक्कम वजा टाकायचे. त्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. त्या निधीची गोष्ट मी अकरा वर्षं रोज जेवताना ऐकत आले होते.

ती समोरच बसली होती, खाली मान घालून. मला फक्त विचारायचं होतं, हे इथे काय लिहू? पण ती रेघ बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही एकेका पैशाचा हिशेब द्यायचा, खोडलेल्या पावतीचंसुद्धा स्पष्टीकरण लिहायचं, आणि हिने सात कोटींपुढे रेघ मारायची, बाकीच्यांनी समजून घ्यायचं. म्हटलं, एकदा तरी हिला कुणीतरी म्हणू दे, मॅडम, हे काय लिहिलंय? एकदा हिला उभं राहून उत्तर द्यावं लागू दे. मी ते पत्रक उलटं करून ठेवलं, आणि पुस्तिकेत सगळ्यात खाली एक ओळ घातली. ‘इतर शिल्लक’, सात कोटी बारा लाख. बेरीज जमली.

मला वाटलं होतं, सभेत कुणी विचारेल, ही इतर म्हणजे कसली? तिला बोलावतील, ती सांगेल, दोन शब्द ऐकून घेईल, संपलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. शिल्लक दिसल्यावर ती कसली आहे हे विचारणारा माणूस मी तरी पाहिला नाही. अध्यक्षांनी ती ओळ मोठ्याने वाचली, बाकं वाजली, आणि त्याच सभेत ठराव झाला की यंदा घरपट्टीत सगळ्यांना चौथाई सूट. जी तूट येईल ती या सात कोटींतून भरायची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अध्यक्षांचा हसरा फोटो.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. मी सूट मिळाल्याची बातमी घेऊन दारोदार जात होते. ज्या दारांत मला कधी पाणी विचारलं नव्हतं तिथे लोक खुर्ची पुढे करत होते. खरकटं पाणी टाकणाऱ्या बाईने चहा केला. मला ठाऊक होतं की मी खोट्या पैशांवर चहा पितेय, तरी मी प्यायले.

सभेपुढे टंकलेली एकच प्रत गेली होती; आठव्या दिवशी पुस्तिका छापून विभागांत आली आणि धाकटीने ती उघडली. तिच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? तूट भरायची तर निधीला हात घालायचा, आणि हात घातला की सहा महिन्यांनी येणारा हप्ता चुकणार. एकदा हप्ता चुकला की विश्वस्त बँक घरपट्टीची पै न् पै अडवून ठेवणार, मग पगार नाही, दिवे नाहीत, आणि पुन्हा या शहराच्या कागदाला कुणी हात लावणार नाही. तिने त्याच दुपारी साहेबांना टिपण लिहून दिलं, की ही रक्कम पालिकेची नाही, ती काढायच्या कागदावर मी सही करणार नाही.

सूट रद्द झाली. ज्यांनी चहा दिला होता त्यांच्याच दारात मला पुन्हा पूर्ण पट्टी मागायला जावं लागलं, आणि तिथे काय ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. अध्यक्षांचा फोटो छापून झाला होता, त्यांना आता कुणाचा तरी बळी हवा होता. ही ओळ कुणामुळे आली, असा प्रश्न निघाला आणि आम्हा दोघींना नोटिसा आल्या. मुद्दाम केलेलं ठरलं तर चौकशी, आणि चौकशी लागली की निवृत्तीनंतरचं पेन्शन तिचा निकाल लागेपर्यंत अडकतं. आमच्या ऑफिसातल्या एका बाबूचं सहा वर्षं अडकलं होतं. माझे अकरा महिने राहिले होते. ह्यांची नोकरी खाजगी, तीही सुटलेली. पेन्शनशिवाय आम्हा दोघांकडे काही नव्हतं.

खाई त्याला खवखवे. दोन रात्री मला झोप नाही. तिने काय उत्तर दिलं ते मला शिपायाने सांगितलं, त्याने कागद वर पोचवताना वाचला होता. तिने लिहिलं होतं, ‘सदर रकाना माझ्याकडून रिकामा राहिल्याने संकलन करणाऱ्यास गैरसमज होणे स्वाभाविक होते. जबाबदारी माझी आहे.’ बस. माझं नावसुद्धा नाही.

ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. म्हणजे आता मी हिच्या उपकाराखाली मरायचं? मोठी जाऊ मी, आणि पदराखाली हिने मला घ्यायचं? मी तशीच उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याआधी काहीतरी करणार होते.

“साहेब,” मी म्हटलं, “ती रक्कम कशाची आहे हे मला ठाऊक होतं. मी चुकून नाही लिहिली.”

साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि मला बसायला सांगितलं. “मॅडम सकाळीच येऊन गेल्या,” ते म्हणाले. “म्हणाल्या, आमच्या जाऊबाई येतील आणि सगळं स्वतःवर घेतील. मोठ्या आहेत, त्यांचा स्वभावच तसा. तुम्ही ऐकू नका.”

“पण मी खरं सांगतेय.”

“तेही म्हणाल्या, की तुम्ही ‘मी खरं सांगतेय’ असंच म्हणाल.”

मी पुन्हा सांगितलं, पत्रक उलटं कसं ठेवलं ते सांगितलं. त्यांनी मायेने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा घेऊन शिपाई आला त्याचे डोळे भरलेले होते. दाराआडून ऐकत होता मेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पालिकेत झालं, जावा असाव्यात तर अशा, एकमेकींसाठी नोकरी पणाला लावणाऱ्या. मी पाप केलं होतं, ते माझं होतं, माझ्या स्वतःच्या हाताने केलेलं, आणि तेही हिने माझ्याकडे राहू दिलं नाही. उलट माझ्या गळ्यात मोठेपणाची माळ घातली.

घरी गेले तर ती भाजी निवडत बसलेली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, “तुला कळलं होतं?”

“कुणी पाच रुपये कमी दिले तर तुम्ही त्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून खाली बोलावता,” ती म्हणाली. “सात कोटींचा फरक तुम्ही कुणाला न विचारता भराल, हे मला पटेल का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचे अकरा महिने राहिलेत, जाऊबाई. माझी तेरा वर्षं आहेत. माझं भरून निघेल, तुमचं निघणार नाही.”

नुसता हिशेब सांगत होती. आवाजात ना टोमणा, ना उपकार. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, “आणि रेघ मीच मारली होती. तिथे ‘राखीव’ एवढा एक शब्द लिहायला काय झालं होतं मला? सगळ्यांना कळतंच, असं धरून चालले. माज होता तो माझा.”

एकवीस वर्षं मी जिची एक चूक शोधत होते ती अखेर सापडली, आणि तीही तिनेच काढून माझ्या हातात दिली. मला माफ कर, एवढे तीन शब्द माझ्या घशापर्यंत आले होते. तोंडातून निघालं, “मिठाचा हात जरा आखडता घे, काल खारट झालं होतं.” ती बरं म्हणाली.

निकाल लागला तो असा. तिची दोन वर्षांची पगारवाढ थांबली आणि तिला वसुलीला खाली पाठवलं. वरचं टेबल सांभाळायला, नवा माणूस येईपर्यंत, बेरीज न चुकणारी आणि जावेसाठी पुढे झालेली म्हणून मला बसवलं. तर आता खिडकी माझी, पंखा माझा. मी पहिल्याच महिन्यात तक्त्यात ‘राखीव’ असं ठळक अक्षरांत लिहिलं. निधीचा हिस्सा आधी वळवला, पगार चार दिवस लांबले आणि लोक माझ्या टेबलासमोरून जाताना मोठ्याने बोलले. तेव्हा कळलं की पंख्याखालीसुद्धा घाम येतो.

आणि ती माझी पिशवी, माझी यादी, माझं अर्धं संपलेलं पावतीपुस्तक घेऊन जिने चढत होती. माझ्या मनात काय होतं तेही सांगते. मला वाटत होतं, आता कळेल. आता कुत्री मागे लागतील, दारं आपटतील, संध्याकाळी पाय सुजवून घरी येईल. पाय सुजायचे. ती गरम पाण्यात घालून बसायची आणि म्हणायची, जाऊबाई, तुम्ही अठ्ठावीस वर्षं हे कसं केलंत? मला तेही झोंबायचं.

तिसऱ्या महिन्यात वसुलीचा भरणा वर आला, माझ्या टेबलावर, पावत्यांच्या प्रतींसकट. त्यात एक मोठी रक्कम होती. मी पावती बघितली आणि बघतच राहिले. लाकडाच्या वखारवाल्याची होती. नऊ वर्षांची थकबाकी, व्याजासकट. या माणसाने मला किती हेलपाटे घालायला लावले होते ते मलाच ठाऊक. ती तिसऱ्या महिन्यात घेऊन आली. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवर दुसरी चौकट दिसायला लागली.

मग माझं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. ‘वसूल करणाऱ्याचे नाव’ असं छापलेलं असतं, त्यापुढे तिच्या अक्षरात माझं नाव होतं.

मी तिला वर बोलावून घेतलं. हे काय, म्हणून विचारलं. ती म्हणाली, पुस्तक अजून तुमच्या नावावर आहे. मी म्हटलं, ते मला शिकवू नकोस, पैसे कुणी आणले?

“मी काही बोललेच नाही त्यांच्याशी,” ती म्हणाली. “तुमच्या यादीत त्यांच्या नावापुढे तुम्ही गेलात त्या तारखा लिहिल्यात ना, ते पान फक्त पुढे ठेवलं. एकशे चार तारखा. ते बराच वेळ मोजत बसले. मग आत जाऊन पैसे घेऊन आले. नऊ वर्षं तुम्ही हेलपाटे घातलेत, एक दिवस मी गेले, आणि ते माझे कसे?”

त्या तारखा मी मोजल्या नव्हत्या. साहेबांनी नाही, ह्यांनी नाही, सासूबाईंनी तर नाहीच नाही. अठ्ठावीस वर्षांत माझे हेलपाटे बसून मोजले ते एका बुडव्या वखारवाल्याने आणि हिने. मला रडू आलं, आणि रडताना सुद्धा मनात हेच, की हे हिलाच सुचावं. हेवा काही गेला नाही, जाणारही नाही बहुतेक, या वयात कुठे जाणार?

पण नियम साधा आहे, ज्याच्या हातात पैसे दिले त्याचं नाव. मी पेन घेतलं. माझ्या नावावर एक सरळ काट मारली, वर तिचं नाव लिहिलं, शेजारी सही केली आणि तारीख घातली.

“कशाला खाडाखोड केलीत?” ती म्हणाली. “माझी चूक झाली का?”

“नाही,” मी म्हटलं. “माझी झाली.”

ती पावतीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी पेनाला टोपण लावलं. “माझी चूक होती,” मी पुन्हा म्हटलं, “आणि जाणूनबुजून केलेली.”

“मी म्हणाले नव्हते का साहेबांना,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही खरं सांगाल म्हणून.”